चेंबरमधले मित्र आणि चेंबरमधला जाच: ज्युनिअर वकिलांनी काय करायचं

वकिलीची सनद मिळून वर्ष-दोन वर्षं झालीत आणि रोज सकाळी चेंबरचा, म्हणजे सीनिअर वकिलाच्या ऑफिसचा, जिना चढताना पोटात गोळा येतो, अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय. मी सोलापूरची, लॉ पुण्यात केलं आणि पहिली चार वर्षं फोर्टमधल्या एका चेंबरमध्ये काढली, त्यातलं पहिलं दीड वर्ष तर मला नीट आठवतच नाही कारण झोपच होत नव्हती. आता माझ्याकडे दोन ज्युनिअर आहेत. तेव्हा मला कोणीतरी सांगायला हवं होतं ते सगळं इथे सांगते, आणि मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, की आपल्या धंद्यात अडचणीच्या वेळी धावून येणारं माणूस बहुतेक वेळा बाजूच्या टेबलावरचा ज्युनिअर असतो, आपल्याच वयाचा आणि आपल्याइतकेच पैसे मिळणारा. म्हणून ती मैत्री नशिबावर सोडू नका, समजून उमजून जोडा.

असं का ते आधी बघू. बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेचा, नियम ४९ सांगतो की प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे कागदावर तुम्ही कोणाकडे नोकरीला नाहीच, तुम्ही सरांबरोबर, म्हणजे सीनिअर वकिलाबरोबर, "असता". महिन्याला हातात पडतं ते स्टायपेंड किंवा प्रोफेशनल फी, त्यामुळे ॲपॉइंटमेंट लेटर नाही, पीएफ नाही, नोटीस पिरियड नाही, आणि तक्रार घेऊन जायला एचआर पण नाही. मोठ्या फर्ममध्ये एचआर असतो, पण तिथेही पार्टनरविरुद्ध बोलायचं तर दहा वेळा विचार करावा लागतो. आणि चेंबरमध्ये सर म्हणजेच मालक, सर म्हणजेच गुरू, आणि उद्या दुसरीकडे गेलात तर तिथले सर याच सरांना फोन करून विचारणार की मुलगी कशी आहे. या एका फोनच्या भीतीवर कित्येक चेंबर चालतात.

पैशाचं तेच. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनिअरना शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुका कोर्टात जाऊन विचारा किती जणांना मिळतात ते. त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सीनिअर मंडळींना जाहीरपणे सांगितलं होतं की ज्युनिअर म्हणजे गुलाम नव्हेत, त्यांना नीट पैसे द्या. सरन्यायाधीशांना हे बोलावं लागतं यावरून समजा. आणि हे आपल्याकडेच आहे असं पण नाही, इंटरनॅशनल बार असोसिएशनने २०१९ मध्ये १३५ देशांतल्या जवळजवळ ७,००० लोकांना विचारलं तेव्हा कामाच्या ठिकाणी दमदाटी, अपमान सोसलाय असं दर दोन बायकांमागे एकीने आणि दर तीन पुरुषांमागे एकाने सांगितलं. मग उगाच स्वतःलाच "मीच हळवी आहे" म्हणत बसू नका, मी पूर्ण एक वर्ष तेच केलं.

कडक सीनिअर आणि छळणारा सीनिअर ओळखायचा कसा

हे ओळखणं महत्त्वाचं आहे, कारण कडक सीनिअर मिळणं हे भाग्य असतं आणि नवीन असताना दोन्ही सारखेच वाटतात. कडक सीनिअर तुमचा ड्राफ्ट पाच वेळा परत पाठवेल, लाल पेनाने भरून टाकेल, "लिमिटेशन (दावा लावायची मुदत) बघितलंस का?" असं खेकसून विचारेल, पण सहाव्या वेळी तुम्हाला कळलेलं असतं की चुकत कुठे होतं. छळणारा फाइल फेकतो आणि काय चुकलं ते सांगतच नाही. अशिलासमोर ओरडतो. कोर्टात स्वतः वाचून आलेला नसतो आणि जजने विचारलं की मागे वळून म्हणतो, "माय जुनिअर हॅज नॉट ब्रीफ्ड मी". रात्री साडेअकराला फोन करतो आणि काम निघतं परवाच्या तारखेचं. घरच्या लाइट बिलापासून पोरांच्या शाळेच्या ॲडमिशनपर्यंत सगळं तुमच्याकडून करून घेतो, आणि तुम्ही मावशीच्या गावची एक चेक बाउन्सची केस घेतली की त्याचं तोंड वाकडं होतं.

माझा उपाय सोपा आहे. एक छोटी डायरी ठेवा, कामाची वेगळी, ही तुमची स्वतःची, घरी ठेवायची. दर शनिवारी त्यात लिहा की या आठवड्यात मी काय नवीन केलं: एखादा से (समोरच्याच्या अर्जावरचं उत्तर) ड्राफ्ट केला का, पुरसिस (कोर्टाला माहिती देणारी छोटी चिठ्ठी) दिली का, स्वतः उभी राहून दोन वाक्यं बोलले का, ऑर्डरमध्ये माझा अपिअरन्स, म्हणजे हजर वकील म्हणून नाव, लागला का. सहा महिन्यांनी वाचा. पानोपानी नुसतं "भिवंडीला तारीख घेतली, झेरॉक्स काढल्या, कॉफी आणली" असेल आणि ओरडणं मात्र वाढत गेलं असेल तर तो जाच आहे, शिक्षण नाही. त्याच डायरीत वाईट प्रसंग पण तारखेसकट लिहा, कोण हजर होतं तेसुद्धा. आपण वकील आहोत, त्याच वेळी लिहून ठेवलेल्या नोंदीला किती वजन असतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

एकमेकांविरुद्ध लावून देण्याचा खेळ

आता हे मी जरा सविस्तर लिहिते कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान यानेच झालं. आमच्या चेंबरमध्ये मी आणि अजून एक ज्युनिअर, माझ्याच बॅचची, लातूरची. सर मला म्हणायचे, बघ तिने रात्री बसून पूर्ण पेपरबुक (केसच्या सगळ्या कागदांचा संच) लावलं, तुला काय घाई असते गं लोकलची? मला ती मुद्दाम पुढेपुढे करणारी वाटायला लागली. मी तिच्याशी बोलायचं बंद केलं, तिने माझ्याशी. एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून आम्ही आठ महिने फक्त "स्टेपलर दे" एवढंच बोललो. आणि मग एक दिवस सिटी सिव्हिल कोर्टात माझी एक मॅटर होती, मी डायरीत तारीख चुकीची उतरवलेली, मी तिकडे किल्ला कोर्टात बसलेय, आणि ही दुसऱ्याच कामाला सिटी सिव्हिलला गेली होती, तिने बोर्डवर (दिवसभराच्या केसेसच्या यादीत) आमचं मॅटर बघितलं, आत जाऊन पासओव्हर मागितला, म्हणजे केस थोड्या वेळाने पुकारायची विनंती केली, मला फोन केला आणि मी पळत पोचेपर्यंत तिथेच उभी राहिली. ती गेली नसती तर दावा डिसमिस फॉर डिफॉल्ट, म्हणजे गैरहजेरीमुळे निकाली, झाला असता. संध्याकाळी ओव्हल मैदानातून चर्चगेटला चालत जाताना मी तिला विचारलं, तू का केलंस? तर ती म्हणाली, मला सर रोज सांगतात की तू किती छान ड्राफ्ट करतेस आणि मला काहीच येत नाही. म्हणजे तेच वाक्य, फक्त नावं उलटी.

त्या दिवशी आम्ही जे ठरवलं ते तुम्ही पण ठरवा. सरांनी तिच्याबद्दल मला काही सांगितलं की मी ते तिला त्याच दिवशी सांगायचं, तिने मला. सुट्टी कोणाला कधी हवी ते आधी आपसात जुळवायचं आणि मगच सरांकडे जायचं. एकीचं काम अडलं असेल तर दुसरीने "माझं झालं" हे मोठ्याने सांगायचं नाही. महिन्याला कोणाला किती मिळतात ते एकमेकींना स्पष्ट सांगायचं, यातच आम्हाला कळलं की तिला माझ्यापेक्षा तीन हजार कमी मिळत होते आणि तिला वाटत होतं दोघींना सारखेच आहेत. आणि रोज सकाळी दहाला दोघींच्या डायऱ्या समोरासमोर ठेवून दिवसभराचा बोर्ड जुळवायचा, पाच मिनिटं लागतात. त्यानंतर त्या चेंबरमधली आमची एकही तारीख चुकली नाही. सरांचा स्वभाव तोच राहिला पण त्यांच्या बोलण्याचा आमच्यावरचा परिणाम निम्म्याने कमी झाला.

तुमच्या चेंबरमध्ये असं बोलायला कोणी सुरुवातच करत नसेल तर तुम्ही करा. पहिल्याच दिवशी मन मोकळं करायची गरज नाही. एखादी तारीख सांभाळून द्या, एखादं साइटेशन (कामाला येणाऱ्या जुन्या निकालाचा संदर्भ) सापडलं तर पाठवा, डब्यातली भाजी पुढे करा. महिनाभरात माणूस कळतो. कोणावर विश्वास ठेवायचा हे ओळखायची माझी एकच खूण आहे, जी व्यक्ती तिथे हजर नसलेल्यांबद्दल तुमच्याकडे जे बोलते तेच ती तुमच्याबद्दल दुसरीकडे बोलणार. बाकी गोड बोलणं, पार्टीला नेणं याच्यावर जाऊ नका.

चेंबरबाहेरची मैत्री

फक्त चेंबरपुरतं राहू नका, कारण चेंबर सुटलं की सगळंच सुटतं. कोर्टरूममध्ये मागच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघत दोन-दोन तास बसतो ना, तिथेच खरी ओळख होते. कोणाचा बँड (गळ्यातली पांढरी पट्टी) विसरलाय तर आपल्याकडचा जास्तीचा द्या (पर्समध्ये एक एक्स्ट्रा बँड कायम ठेवाच), कोणी दुसऱ्या कोर्टात धावतंय तर "मी आहे इथे, तुमचं पुकारलं तर सांगते" एवढं म्हणा. क्लार्क काकांशी नीट वागा, फाइलिंगमधल्या ऑब्जेक्शन काढायला मला कॉलेजने नाही, आमच्या क्लार्क काकांनी शिकवलं, आणि चेंबर सोडायची वेळ आली तेव्हा कुठे चांगले सीनिअर आहेत तेसुद्धा त्यांनीच सांगितलं. कोर्टातले स्टेनो, शिरस्तेदार, पट्टेवाले, सगळ्यांना नावाने ओळखा. बायकांसाठी लेडीज बार रूम, म्हणजे कोर्टातली महिला वकिलांची बसायची खोली, ही फार मोठी गोष्ट आहे, कोणत्या सीनिअरकडे एकटीने संध्याकाळच्या कॉन्फरन्सला जायचं नाही ही माहिती तिथे मिळते, आणि ही माहिती कुठेही लिहिलेली नसते.

समोरच्या पार्टीच्या वकिलाशी मैत्री असणं यात काही गैर नाही, कोर्टात एकमेकांना लर्नेड फ्रेंड म्हणायची रीत उगाच नाही पडलेली. पण अशिलाचा विचार करा. तो बिचारा साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडून आलेला असतो आणि बघतो काय तर आपली वकीलबाई समोरच्या वकिलाबरोबर कॅन्टीनमध्ये हसत चहा पितेय, त्याच्या मनात लगेच येतं, संपलं, आपला वकील फुटला. म्हणून ब्रीफ, म्हणजे केस, घेतानाच सांगून टाका की समोरचे वकील माझ्या ओळखीचे आहेत, आम्ही एका बॅचचे आहोत, तुम्हाला अडचण असेल तर आत्ताच सांगा. आणि मॅटर चालू आहे तोपर्यंत त्या मित्राशी त्या मॅटरवर बोलायचं ते फक्त तारीख, कॉपी सर्व्ह करणं आणि सेटलमेंटचा प्रस्ताव, तोही अशिलाला विचारून. जवळची मैत्री असेल किंवा नातं असेल तर मी तर म्हणेन मॅटर घेऊच नका.

मन मोकळं करताना पण एक भान हवं. दिवसभर बोलणी खाल्ल्यावर मैत्रिणीजवळ बोलावंसं वाटतंच आणि बोललंच पाहिजे, पण सर कसे वागले ते बोला, मॅटरमध्ये काय आहे ते नको. अशिलाने आपल्याला सांगितलेलं गुपित राखायची जबाबदारी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, आधी ती एव्हिडन्स ॲक्टच्या १२६ मध्ये होती, आणि ती काम संपल्यावर पण संपत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही, आठ जणांच्या ग्रुपमधला स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत सरांच्या फोनवर असतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्या मुलाला दुसऱ्या दिवशी यायला नको म्हणून सांगितलं. चेंबरच्या लॅपटॉपवर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडं ठेवू नका. बोलायचं ते चालत चालत, समोरासमोर.

हद्द ओलांडली जाते तेव्हा

लैंगिक छळाबद्दल नीट माहिती असू द्या कारण यात वकिलांमध्येच फार गोंधळ आहे. फर्ममध्ये किंवा ऑफिसमध्ये दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिची चौकशी कलेक्टर ऑफिसमध्ये करा. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर समिती अजून तीन महिने वाढवू शकते. मात्र वकिलांविरुद्धच्या अशा तक्रारींसाठी बार कौन्सिलने समिती नेमावी अशी मागणी मुंबई हायकोर्टात गेली होती, तेव्हा २०२५ मध्ये कोर्टाने म्हटलं की बार कौन्सिल आणि वकील यांच्यात मालक-नोकर असं नातं नाही म्हणून हा कायदा तिथे लागू होत नाही, आणि ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची तक्रार करण्याचा मार्ग आहे. मला स्वतःला हे पुरेसं वाटत नाही, ज्या मुलीला उद्या त्याच कोर्टात उभं राहायचंय तिला शिस्तभंगाची लांबलचक चौकशी हा काय दिलासा. पण आज जे मार्ग आहेत ते माहीत असायला हवेत, पोलिसांकडे जायचं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ आहेच.

आणि मैत्रिणीने तुम्हाला असं काही सांगितलं तर तुम्ही काय करायचं, हे त्याहून महत्त्वाचं. आधी पूर्ण ऐका, मध्ये "तू तिथे गेलीसच कशाला" असं विचारू नका. तिला त्याच रात्री सगळं लिहून काढायला सांगा, मेसेज असतील तर ते जपून ठेवायला सांगा, तीन महिन्यांची तारीख कॅलेंडरवर तुम्ही टाका कारण तिला तेव्हा सुचत नसतं. तिला न विचारता सरांशी, बार असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांशी, तिच्या घरी, कोणाशीही बोलू नका. ती म्हणाली तक्रार नको, तर तो तिचा निर्णय आहे, तिच्यावर रागवू नका. पण संध्याकाळी उशिरापर्यंत ती थांबणार असेल तर तुम्ही पण काहीतरी काम काढून थांबा. आम्ही दोघी दोन वर्षं असंच करायचो, कोणी एकटी शेवटी राहायची नाही हा नियमच होता.

मुलांनीही हे वाचा, बरं का. मुलगे रडत नाहीत, ते प्यायला लागतात, चिडचिडे होतात, कोर्टात यायचंच बंद करतात. मित्र चार दिवस कोर्टाच्या बार रूममध्ये दिसला नाही तर फोन करा, फोन उचलला नाही तर रूमवर जा. झोप जात असेल, जगणंच नको असं कोणी बोलत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नंबर नुसता फॉरवर्ड करू नका, बाजूला बसून लावून द्या.

सोडायचं ठरलं तर

डायरी वाचली, बोलून बघितलं, काही फरक पडत नाही, मग सोडा. चार वर्षं एका ठिकाणी टिकलं पाहिजे वगैरे काही नाही. पण भांडून, फाइल आपटून सोडू नका, आपला धंदा एका इमारतीत चालतो, त्याच लिफ्टमध्ये उद्या सर भेटणार आहेत.

आधी पैशाचं बघा, तीन-चार महिन्यांच्या रूमभाड्याची आणि पासाची सोय झाली की मोकळं व्हा. झेरॉक्स, स्टॅम्प, टायपिंगचे खिशातून गेलेले पैसे बाकी असतील तर तारखेवार यादी करून सोडण्याच्या आधी मागा, नंतर ते मिळत नाहीत. टीडीएस कापत असतील तर तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बघून घ्या. मग प्रत्येक मॅटरची एक ओळ लिहा: पुढची तारीख, स्टेज, काय दाखल करायचं राहिलंय, मूळ कागद कुठे आहेत. ती यादी ईमेलने सरांना पाठवा आणि फाइली परत केल्याची सही घ्या. उद्या एखादा मूळ दस्तऐवज सापडला नाही तर बोट तुमच्याकडेच वळणार. चेंबरचे ड्राफ्ट पेनड्राइव्हवर भरून नेऊ नका. तिथला एखादा अशील स्वतःहून तुमच्याकडे आला तरी आधीच्या वकिलांची संमती घेतल्याशिवाय वकीलपत्र (अशिलाने वकील नेमल्याचा कागद) दाखल करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम ३९ बघा, त्यांनी नकार दिला तर कोर्टाची परवानगी मागता येते.

आणि हे तर शंभरातले नव्वद विसरतात. ज्या मॅटरमध्ये वकीलपत्रावर सरांबरोबर तुमची पण सही आहे, तिथे चेंबर सोडल्यावर सुद्धा रेकॉर्डवर तुम्ही वकील राहताच. वर्षभराने काही चुकलं तर नोटीस तुम्हाला पण येते. म्हणून सोडण्याआधी सगळी वकीलपत्रं काढा, कुठे कुठे आपली सही आहे त्याची यादी करा, आणि अशिलाला कळवून, कोर्टाच्या परवानगीने स्वतःला डिस्चार्ज, म्हणजे त्या केसमधून मोकळं, करून घ्या. माझ्या सतरा मॅटर निघाल्या होत्या. तीन वेगवेगळ्या कोर्टांत अर्ज द्यायला मला एकटीला महिना गेला असता, लातूरच्या मैत्रिणीने तिच्या तारखांबरोबर माझे सहा अर्ज मूव्ह केले, आणि दोन वर्षांनी तिने चेंबर सोडलं तेव्हा तिचे अकरा मी.